लोहार विरुद्ध मास्तरीण

वन्सं : ...कपाट नंतर, गाद्या नंतर. टेम्पोत पहिलं चढेल ते हे मशीन. मी टेम्पोवाल्याला कालच बजावून ठेवलंय.

वहिनी : मग त्याला परत फोन करा, वन्सं. मशीन मागच्या खोलीत जाणार आहे. खिडकीजवळची जागा झाडून पुसून तयार आहे.

वन्सं : खेळायच्या आधीच?

वहिनी : तुम्हीही खेळायच्या आधीच बजावलंत की.

नात : दोघी जरा थांबता का? मला पंच केलंय ना? मग ऐका. उद्या औषधवाला गाळा ताब्यात घेणार. त्याची रॅक आत्ताच भिंतीला टेकून उभी आहेत, म्हणजे हे व्हिडिओ गेमचं मशीन इथे राहत नाही. एकतर ते आजीच्या मागच्या खोलीत जाईल, नाहीतर आज दुपारी आत्याआजीबरोबर तिच्या लेकीच्या गावाला. पाच डाव. जी तीन जिंकेल तिचं मशीन. हरणारीनं हुज्जत घालायची नाही.

वन्सं : हुज्जत मी कधीच घालत नाही. मी समजावून सांगते.

वहिनी : हो, दोन दोन तास.

नात : पात्र बदलायचं असेल तर डाव संपल्यावर...

वन्सं : पात्र बदलायला ते काय लुगडं आहे? मी मास्तरीण, ही लोहार. दादानं हे गेमचं पार्लर उघडलं त्या महिन्यापासून.

नात : त्यांची खरी नावं काय आहेत गं?

वहिनी : कुणाला ठाऊक! तुझ्या आजोबांनी मशीन आणलं तेव्हा पडद्यावर सगळी मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. कुठल्या देशाची तेसुद्धा कळलं नाही. मग आम्हीच नावं दिली. याचे दंड बघ केवढे, म्हणून लोहार. ही काटकुळी, चष्मा लावलेली, हातात छडी, म्हणून मास्तरीण. तो पिशवीतून काहीबाही फेकतो तो पोस्टमन.

वन्सं : पोस्टमन आम्ही कधी घेतला नाही. लांबून फेकाफेक करण्यात काय शौर्य?

नात : आत्याआजी, तुझी छडीसुद्धा अर्ध्या पडद्यापर्यंत पोचते.

वन्सं : ती फेकाफेक नव्हे. तिला शिस्त म्हणतात.

नात : आणि जिंकायचं कोण? खरं सांगा.

वन्सं : मी.

वहिनी : त्या.

नात : नेहमी?

वहिनी : नेहमी म्हणजे... जवळजवळ नेहमी. दुपारी शटर अर्धं ओढलेलं असायचं. यांचा टायपिंगचा क्लास सुटायचा, माझं स्वयंपाकघर आवरलेलं असायचं. पोरं संध्याकाळी यायची, तोवर मशीन आमचं. रोज मला वाटायचं, आज हरवते यांना. रोज ही बाई माझ्या लोहाराला पडून उठताना पकडायची.

वन्सं : आणि आजही पकडणार.

वहिनी : आज नाही.

वन्सं : एवढा आत्मविश्वास कुठून आणलास?

वहिनी : या पोरीकडून. महिनाभर रोज सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात की आम्ही दोघी इथे बसत होतो.

वन्सं : म्हणून बंब संपेपर्यंत मला कोणी हाक मारत नव्हतं! आणि ही पंच? चोराच्या हातात किल्ल्या!

नात : मी तिला एकच गोष्ट शिकवली, आत्याआजी. उडी मारायची नाही. मी गेमच्या स्पर्धा खेळते ना, तिथे आम्ही हेच बघतो. जड गडी हरतो तो घाईमुळे. त्यानं चालायचं. दोन पावलं चालायचं, अडवायचं, परत दोन पावलं. समोरच्याची पाठ भिंतीला लागेपर्यंत.

वन्सं : सांगून टाकलंस सगळं.

नात : सांगितलं तरी थांबवता येत नाही, हीच तर मजा आहे.

वहिनी : बसा आता. दुपार व्हायच्या आत संपवू.

वन्सं : थांब, चष्मा पुसते. हं. आणि हे बघ वहिनी, एकदा मोकळेपणानं सांगते, मग खेळू. लेकीनं मला स्वतंत्र खोली दिलीय. छान आहे. पलंग तिचा, पडदे तिचे, आरसासुद्धा तिचा. मायेनं बोलावतेय, नाही म्हणत नाही मी. पण एक तरी वस्तू अशी हवी, जिच्यापुढे बसले की मला कोणी 'सावकाश हं आई' म्हणणार नाही.

वहिनी : आणि मी? तुम्ही गेल्यावर या घरात टीव्ही सोडला तर आवाज कुणाचा येणार आहे? हिची नोकरी दुसरीकडे. महिन्याची रजा संपली की ही रविवारची पाहुणी. तुम्हाला तिकडे माणसं तरी आहेत, वन्सं. मला मशीनच हवं.

नात : मी नाणं न टाकता सुरू करते. आतली कळ दाबली की झालं ना?

वहिनी : डावीकडची. उजवी दाबलीस तर शॉक बसेल. हं.

वन्सं : ये, लोहारा. ये पुढे. छडी खा.

वहिनी : येतोय.

वन्सं : अजून एक. आणखी एक. अगं, चालतेस काय वरातीत चालल्यासारखी?

वहिनी : तू मार गं. मला अडवता येतं.

नात : आजी! तू आत्याआजीला 'तू' म्हणालीस!

वहिनी : मशीनसमोर चालतं. तेवढीच जागा होती मला, जन्मभरात.

वन्सं : बोलू नकोस तिच्याशी, तिचं लक्ष जाईल आणि मग म्हणेल... हा! पडला. ऊठ. ऊठ, ऊठ. पकडतोस? मी नाहीच तिथे. ही घे छडी. संपला पहिला डाव.

वहिनी : एक झाला.

वन्सं : टेम्पोत दोरी लागेल बांधायला. जाड दोरी आहे का घरात?

वहिनी : पुढचा डाव लाव गं.

नात : आजी, पडूच नकोस. तू छान चालतेस, फक्त शेवटच्या पावलाला घाई करतेस. भिंत आली की थांब. मग आत्याआजीच काहीतरी करेल.

वन्सं : मी काही करणार नाही. मी सगळं आयुष्य वर्गात मुलं कधी चूक करतील त्याची वाट बघत बसले.

वहिनी : बघू. चल.

वन्सं : आता का मागे नाही सरकत ही मास्तरीण... भिंत आली का?

वहिनी : आली.

वन्सं : मग मार ना.

वहिनी : बघतेय.

वन्सं : काय बघतेस?

वहिनी : तुला.

वन्सं : अगं बाई! उचललं की! वहिनी, उचलून आपटलंस मला! परत? परत उचलतेस?

नात : आजीचा डाव. एक-एक.

वन्सं : हे असं उचलायचं कधी शिकलीस?

वहिनी : येत होतंच. जवळ पोचायला मिळत नव्हतं.

वन्सं : चांगलं खेळलीस. मी खोटं नाही बोलत. दादा असता तर काउंटरवरून ओरडला असता.

वहिनी : ते मलाच ओरडले असते, बहिणीला आपटू नकोस म्हणून.

नात : तिसरा डाव. तयार?

वन्सं : तयार. आता गंमत नाही हं.

वहिनी : नाहीच.

वन्सं : पाय. परत पाय. चालताना पाय उघडे पडतात लोहाराचे, हिनं तुला सांगितलं नाही वाटतं? पडला. आता सांग, काय करणार? पकडणार. मी मागे. छडी. परत पडला. आता? आता अडवणार. मग मीच येते जवळ. गेला लोहार. आता परत पकडणार... नाही जमणार. आणि हा संपला.

नात : दोन-एक. आत्याआजीकडे.

वन्सं : अजून एक आणि दोरी शोधा.

नात : एक मिनिट. दोन डावांच्या मध्ये बोलायची परवानगी आहे. आजी, इकडे ये. मला एक विचारायचंय. लोहार पडला की उठताना तुझ्याकडे वाटा किती?

वहिनी : दोन. लाल बटण दाबून उठताउठता पकडायचं, नाहीतर दांडा मागे ओढून अडवायचं. पकडणार असेन तर तिनं लांब सरकायला हवं. अडवणार असेन तर तिनं जवळ येऊन मला पाडायला हवं.

नात : म्हणजे तिला दर वेळी अंदाज करावा लागतो. बरोबर?

वहिनी : बरोबर.

नात : आजी, अंदाज चुकतो गं. मी फायनलला ज्या मुलाकडून हरले, तो देशातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणतात. त्याचेही चुकायचे. आत्याआजीचा एकदाही चुकला नाही. एकदाही नाही. हा अंदाज नाही. तिला माहीत असतं.

वहिनी : तोंडावरून कळत असेल माझ्या. मला काही लपवता येत नाही.

नात : ती पडद्याकडे बघते. तुझ्याकडे बघतच नाही.

वन्सं : कुजबुज करू नका. मला सगळं ऐकू येतंय.

वहिनी : ...काय म्हणालात?

वन्सं : ऐकू येतंय म्हटलं.

वहिनी : तिथून? शटरपाशी बोलतोय आम्ही. काल शेजारी बसून दोनदा विचारलं, चहा ठेवू का, तर म्हणालात, हो हो, पाऊस येईलसं वाटतंय. मान वळवा बघू. डावीकडे. तुम्ही कानाचं मशीन घातलंय!

वन्सं : मग? डॉक्टरनं दिलंय, घालायलाच दिलंय.

वहिनी : डॉक्टरनं देऊन वर्ष झालं. ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. डोकं दुखतं म्हणता. जेवताना घालत नाही, फोनवर घालत नाही, लेक आली तरी घालत नाही. आणि आज सकाळी उठून आठवण झाली?

नात : थांब, थांब. आजी, लाल बटण दाब. नुसतं दाब.

वहिनी : हे घे.

नात : पिवळं दाब. आता निळं. परत लाल. ऐकलंस? बाकी कुठल्याच बटणाचा असा आवाज येत नाही. टिक् टिक्.

वहिनी : यायचाच. त्याची स्प्रिंग गेली होती. नवं बटण मिळेना, म्हणून मी सायकलवाल्याकडून घंटीची स्प्रिंग आणून बसवली. पहिल्याच वर्षी. पोरं खूश झाली, बटण कसं कडक लागतं म्हणायची.

नात : आणि तू पकडायच्या आधी ते दोनदा वाजवतेस. उठायची वाट बघता बघता. अडवणार असलीस की गप्प.

वहिनी : वन्सं.

वन्सं : काय वन्सं?

वहिनी : एवढी वर्षं तुम्ही माझी बोटं ऐकत होतात?

वन्सं : मग काय करू? माझा धंदाच तो. चाळीस मुलं एकदम टाईप करत असायची. मी पाठमोरी उभी राहून सांगायचे, तिसऱ्या रांगेतल्या, करंगळीचं काम अनामिकेनं करू नकोस. तू तर शेजारच्या स्टुलावर. कान काय कापसानं बुजवायचे होते?

वहिनी : सांगितलं नाहीत कधी.

वन्सं : खेळात सांगतात का? या तुझ्या पंचाला विचार.

नात : नाही सांगत. स्पर्धेत शेजारी बसून खेळतो ना, तेव्हा काही जण एका कानावरचा हेडफोन सरकवून ठेवतात. याचसाठी. नियमात बसतं.

वन्सं : ऐकलंस?

वहिनी : ऐकलं. मी रागावलेली नाही. मला हसू येतंय. या घरात मी काय बोलले ते तुम्ही कधी धड ऐकलं नाहीत, वन्सं. भाजीत मीठ कमी घालते म्हटलं, नाही ऐकलं. मला शिवणाचा क्लास लावायचाय म्हटलं, नाही ऐकलं. आणि बोटं तेवढी ऐकलीत!

वन्सं : तू बोलायचीस कुठे? अर्धं वाक्य बोलून आत निघून जायचीस. बोटं तरी पूर्ण बोलायची तुझी.

नात : ...चौथा डाव लावू?

वहिनी : लाव. आणि वन्सं, ते कानातलं राहू दे. काढू नका.

वन्सं : का?

वहिनी : कारण आता मी वाजवणार आहे. खरं वाजवीन, खोटं वाजवीन. वाजवून अडवीन, न वाजवता पकडीन. मधूनच उगीच ताल धरीन. ऐका तुम्ही. पोटभर ऐका.

नात : आजी, हे तिला सांगायचं नसतं!

वहिनी : तूच म्हणालीस ना, सांगितलं तरी थांबवता येत नाही?

वन्सं : बस, बस. फार शहाणी झालीस. मास्तरीण आली बघ. ही छडी. ही दुसरी. पडला लोहार. टिक् टिक्. पकडणार... नाही, थांब, खोटं असेल... अगं, पकडलंस!

वहिनी : खरंच होतं ते.

वन्सं : पडला परत. टिक् टिक्. आता मी मागे... अडवलंस? मग वाजवलंस कशाला?

वहिनी : तालासाठी.

वन्सं : हे काही बरोबर नाही. टिक् टिक् टिक् टिक्, अगं, किती वाजवतेस, डोकं उठलं माझं! कुठला खरा? कुठला... उचललं. गेली मास्तरीण.

नात : दोन-दोन.

वहिनी : पाणी देऊ का तुम्हाला?

वन्सं : पाणी नको. हे काढते. हे धर गं पोरी, खिशात ठेव, हरवू नकोस. आता वाजव कितीही, देवळातली घंटा वाजव. मला काही ऐकू येणार नाही. आता सरळ सामना. लोहार आणि मास्तरीण.

नात : आत्याआजी, शेवटचा डाव आहे. नक्की काढायचं?

वन्सं : काय म्हणतेस? मोठ्यानं बोल.

नात : नक्की ना, म्हटलं!

वन्सं : नक्की. ऐकून हरण्यापेक्षा न ऐकता खेळीन. तसं कधी खेळलेच नाही मी हिच्याशी. बघू तरी कशी आहे ही.

(पाचवा डाव. फक्त बटणं आणि दांडे.)

नात : आजी, थोडंच रक्त उरलंय लोहाराचं. एक छडी बसली की संपलं.

वहिनी : मास्तरणीचंही तेवढंच उरलंय. बघ.

नात : ती मागे जात नाहीये. आत्याआजी कधी अशी पुढे उभी राहत नाही.

वहिनी : घाबरलेली नाही ती. ऐकू येत नाही, म्हणून बघतेय. पहिल्यांदाच बघतेय.

वन्सं : ये ना, वहिनी. ये. एक पाऊल टाक.

वहिनी : टाकलं.

वन्सं : आणखी एक.

वहिनी : टाकलं.

वन्सं : आता पकड.

वहिनी : नाही.

वन्सं : पकड म्हणतेय ना! हात का चालवत नाहीस? काय... अगं, मीच उडी मारली! मी मास्तरीण, आणि उडी मारली!

वहिनी : आणि लोहारानं झेलली.

नात : तीन-दोन! आजी! आजी, तू जिंकलीस!

वहिनी : ओरडू नकोस, औषधवाला येईल बघायला. वन्सं. अहो वन्सं! दे गं ते खिशातलं. हे कानात घाला आधी. हं. ऐकू येतंय?

वन्सं : येतंय.

वहिनी : लागलं नाही ना मनाला?

वन्सं : लागलं. लागायलाच हवं. तू पकडणारच असं धरून चालले मी. इतकी जवळ आलीस आणि काहीच केलं नाहीस.

वहिनी : वाट बघितली.

वन्सं : हो. चांगली बघितलीस. माझ्या वर्गात असतीस तर पहिल्या बाकावर बसवलं असतं तुला. पोरी, टेम्पोवाल्याला फोन लाव. सांग, मशीन नाही. कपाटच चढव आधी.

नात : आत्याआजी, आजी म्हणेल तर अजूनही...

वहिनी : आजी म्हणणार नाही. मशीन माझ्याकडेच राहील.

नात : आजी!

वहिनी : आजी काय? तुझे आजोबा इथे पोरांना काय नियम लावायचे, विचार तुझ्या आत्याआजीला. जिंकलेला मशीनवरून उठत नाही. हरलेला उठतो.

वन्सं : उठते गं. गुडघ्यांना वेळ लागतो.

वहिनी : पुढचं सांगितलं नाहीत तिला. हरलेला उठतो, आणि घरी जात नाही. रांगेत मागे जाऊन उभा राहतो. त्याचा नंबर परत येतो.

वन्सं : रांग किती मोठी आहे?

वहिनी : तुम्ही एकट्याच आहात.

वन्सं : ...गुरुवारी लेकीला कचेरी असते. जावईही नसतात. दिवसभर घरात मी आणि ते पडदे.

वहिनी : मग सकाळची बस घ्या. तिला गर्दी नसते.